सकाळी दोन ओढीत चालू, उन्हं चढली की बंद: गरम झाल्यावर दम तोडणाऱ्या पेट्रोल करवतीचं समस्या निवारण

तक्रार ठरलेली असते. सकाळी थंड मशीन दोन-तीन ओढीत चालू होतं, पहिली टाकी विनातक्रार संपते. दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला रेस दिली की मशीन गुदमरतं, कापात असतानाच बंद पडतं आणि मग कितीही दोरी ओढा, दाद देत नाही. अर्धा तास सावलीत ठेवलं की पुन्हा काही झालंच नाही असं चालू. आणि वीस मिनिटांनी परत तेच.

मराठवाड्यात मार्च ते मे हे दिवस बांधावरची बाभूळ-सुबाभूळ काढायचे, वाळलेल्या मोसंबीच्या बागा मोडायचे. परभणी, जालना, बीड, नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, लाकूड कोरडंठाक असतं आणि काळ्या मातीची धूळ सालीच्या प्रत्येक भेगेत बसलेली असते. ५० सीसीच्या पुढच्या करवतीला याहून कठीण हवा-लाकूड कुठं मिळणार? म्हणून ही तक्रार याच दिवसांत सगळ्यात जास्त येते.

दुकानात नेलं की बहुतेक ठिकाणी पहिला स्क्रू-ड्रायव्हर कार्बोरेटरला लागतो. पेट्रोल थोडं वाढवलं की एखादा दिवस बरं चालतं, मग मालकालाही पटतं की दोष तिथलाच होता. खरं म्हणजे पेट्रोल वाढल्यामुळे इंजिन जरा थंड चाललं, एवढंच. मूळ कारण तसंच राहतं आणि आठवड्याने तक्रार परत येते. या दोषात कार्बोरेटरचा नंबर सगळ्यात शेवटी लावावा. आधी चेन, मग हवेची वाट, मग पेट्रोल आणि टाकीचा व्हेंट, मग ठिणगी. क्रम असाच ठेवा, कारण पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही आणि बराचसा दोष तिथेच सापडतो.

अर्ध्या कापात बंद पडलं तर

दुरुस्तीच्या आधी हे वाचा. गरम होऊन बंद पडणारं मशीन नुसतं वेळखाऊ नसतं, धोक्याचं असतं. झाड पाडताना मागचा काप अर्धा झालाय, बिजागरीसारखं काम करणारं लाकूड अजून जाड आहे, आणि मशीन बंद. माणूस तिथेच वाकून दोरी ओढत बसतो. वारा सुटला की झाड आपल्या मर्जीने कलतं.

असं झालं तर चेन ब्रेक पुढे ढकला, स्विच बंद करा. बार, म्हणजे चेन फिरते ती लांब पट्टी, सहज निघत असेल तरच काढा, अडकला असेल तर मशीन तिथेच सोडून बाजूला व्हा. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणीही थांबता कामा नये, सरपण गोळा करणाऱ्या बाया आणि पोरंसुद्धा. कापाच्या मागे प्लास्टिकची पाचर आधीच ठोकलेली असेल तर झाड मागे बसत नाही. म्हणून काप बारच्या रुंदीएवढा आत गेला की लगेच पाचर लावायची सवय ठेवा. लोखंडी पाचर नको, चेन लागली तर दात उडतात. अर्धवट कापलेलं झाड जेवायच्या सुट्टीत तसंच सोडून जाऊ नका. दुसरं मशीन किंवा दोन माणसांची हातकरवत जवळ ठेवा आणि काम पुरं करा. ज्या मशीनला ही तक्रार आहे ते दुरुस्त होईपर्यंत उभ्या झाडाला लावूच नये. आडवं पडलेलं लाकूड तोडायला वापरा, तिथेच तपासणीही होते.

बंद पडल्यावर पहिली दोन मिनिटं

गरम असताना दिसणारा दोष गार झाल्यावर पळून जातो. दुकानात पोचेपर्यंत मशीन थंड होतं आणि मेकॅनिकला सगळं ठीकच दिसतं. म्हणून तपासणी जागेवर, त्याच दोन मिनिटांत करायची. खिशात प्लग पाना आणि शक्य असेल तर ठिणगी दाखवणारा टेस्टर ठेवा. हातात चामडी हातमोजे हवेतच, प्लग आणि सायलेन्सर दोन्ही भाजतात.

मशीन कसं बंद पडलं हे आधी आठवा. स्विच दाबल्यासारखं खटकन बंद पडलं तर संशय ठिणगीवर. बंद पडण्याआधी आवाज चिरका झाला, रेस आपोआप चढली आणि मग मेलं, तर पेट्रोल कमी पडलं. आवाज जड होत होत, धूर टाकत गुदमरलं तर हवा कोंडली किंवा सायलेन्सरची जाळी भरली. आणि करकर आवाज येऊन वेग उतरत गेला, मग घट्ट झालं, तर पिस्टन चिकटायला लागलाय; अशा वेळी दोरीला झटका देऊ नका, मशीन तसंच गार होऊ द्या आणि सायलेन्सर काढून पिस्टन पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

आता स्विच बंद ठेवून दोरी हळू ओढा. दाब जाणवला पाहिजे. मशीन दोरीच्या मुठीवर लटकवून धरलं तर ते टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत खाली यायला हवं. सरसर खाली आलं तर कॉम्प्रेशन गेलंय. सकाळी थंड असताना थांबत येतं आणि दुपारी गरम झाल्यावर सरसर येतं, असा फरक दिसला तर पिस्टनची रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली बाजू) झिजलेत. पुढचं सगळं वाचायची गरज नाही, शेवटच्या भागाकडे जा.

दाब ठीक असेल तर प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला आणि ठिणगी आहे, म्हणजे ओव्हरफ्लो झालंय. प्लग कोरडा आणि ठिणगी आहे, म्हणजे पेट्रोल येत नाही. ठिणगीच नाही, म्हणजे कॉइल, वायर किंवा स्विच. ठिणगी पाहताना प्लग सिलिंडरच्या भोकाजवळ धरू नका. दोरी ओढली की त्या भोकातून पेट्रोलची वाफ पिचकारीसारखी बाहेर येते आणि ती पेटते. टेस्टर मधे लावून पाहणं सुरक्षित.

चेन: जिथं कुणी बघत नाही

बोथट चेनने इंजिन तापतं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण बोथट चेन लाकूड कापत नाही, घासते. मग माणूस मशीनवर भार देतो, इंजिनचे फेरे उतरतात, इंजिनला जोडलेला पंखाही तेवढाच हळू फिरतो आणि थंडावा सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच तो कमी होतो. भरपूर रेस, कमी फेरे, कमी वारा. तापायला अजून काय हवं?

तपासायला मीटर लागत नाही. कापाखाली पडलेला भुसा तळहातावर घ्या. धारदार चेनचा भुसा चपटा, कडा असलेल्या छोट्या कपच्यांचा असतो, बोटांत धरता येतो. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल, कापाच्या कडा काळपट झाल्या असतील, जळकट वास येत असेल, तर मशीन बंद करा आणि कानस काढा. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लहान किंवा बोथट आहेत.

कानस चेनच्या पिचप्रमाणे, म्हणजे कड्यांच्या इंचातल्या मापाप्रमाणे, घ्यावी लागते. ०.३२५ पिचला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ पिचला ५.२ किंवा ५.५ मिमी, कोणती ते चेनच्या पाकिटावर असतं. कोन साधारण ३० अंश. कोरडी बाभूळ, बोर, चिंच अशा दगडी लाकडाला २५ अंश ठेवला तर धार जास्त टिकते, काप थोडा संथ होतो. कानस फक्त पुढे ढकलायची, ओढायची नाही. सगळ्यात लहान झालेला दात आधी पकडा आणि बाकीचे त्याच्या मापाला आणा. दातापुढचा खुंट दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा. दर तीन-चार धारेनंतर गेज लावून पाहा. घाईत हा खुंट जास्त घासला की चेन लाकडात अधाशासारखी घुसते, धक्के बसतात आणि किकबॅकचा धोका वाढतो. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला लागला की मशीन डोळ्याची पापणी लवायच्या आत तोंडाकडे उसळतं. ते थांबवायला चेन ब्रेक नीट काम करणारा हवा आणि डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांडीला खालून वेढलेला हवा.

काळ्या रानात पडलेल्या ओंडक्याखाली चेन जमिनीला एकदा जरी टेकली तरी धार गेली समजा. ओंडका वरून तीन चतुर्थांश कापा, लोळवून उलटा करा, उरलेलं पुन्हा वरून. बांधावरच्या जुन्या कडुनिंबात, बाभळीत काटेरी तार आणि खिळे लाकडाने गिळलेले असतात. साल फुगलेली किंवा लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तर तिथून वीतभर सोडून काप घ्या.

बाजारात ५८ सीसी म्हणून मिळणाऱ्या मशीनला सर्रास २२ इंची बार लावून देतात. कोरड्या बाभळीत तो पूर्ण लांबीला बुडवला की इंजिन पेलत नाही. १८ इंची बार लावला तर तेच मशीन वेगळं वाटेल. लांब बार म्हणजे जास्त ताकद, हा समज दुकानदारांनी रुजवलाय.

चेनचं तेलही इथेच बघून घ्या. बारचं टोक फिकट पुठ्ठ्यापासून वीतभर वर धरा, अर्धी रेस द्या, दहा सेकंदांत तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बारची खाच पातळ पत्र्याने खरवडा, तेलाचं बारीक भोक तारेने मोकळं करा. टाकीत खाली बसलेली मळी हे दुसरं कारण. पेट्रोलची एक टाकी संपते तोवर तेलाची टाकीही जवळपास संपायला हवी. ती अर्धी उरत असेल तर बार कोरडा चाललाय. जळकं इंजिन ऑइल टाकू नका. त्यातला लोखंडाचा कीस तेलाचा पंप खातो. उन्हाळ्यात बारसाठीचं चिकट तेल, ते नाहीच मिळालं तर नवं एसएई ४०. दर धारेला बार उलटा करून लावला तर दोन्ही कडा सारख्या झिजतात.

आणि एक चुकीची सवय: चेन ब्रेक लावलेला असताना रेस देणं. क्लच आतल्या आत घासत राहतो, ड्रम लाल होतो, प्लास्टिकचा तेलपंपाचा गिअर वितळतो आणि ती सगळी उष्णता शेजारच्या इंजिनकडे जाते. ब्रेक लावून चालू करा, पण रेस देण्याआधी तो मागे ओढा.

हवेची वाट: फिल्टर, पंख, जाळी

वरचं झाकण आणि दोरीच्या बाजूचं कव्हर काढा. सिलिंडरच्या पंखांमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या कडांमध्ये, बघा. भुसा आणि तेल मिळून तिथे काळा, कडक थर जमतो; वरून साफ दिसणारं मशीन आत पंखभर बुजलेलं असतं. लाकडी काडी आणि ताठ ब्रशने कोरून काढा, मग हवा मारा. स्क्रू-ड्रायव्हरने कोरू नका, पंख तुटतात. मॅग्नेटच्या पंख्याच्या पात्या आणि दोरीच्या कव्हरच्या जाळ्याही मोकळ्या हव्यात, हवा तिथूनच आत येते. उन्हाळ्यात हे काम दर आठवड्याला, रोज काम असेल तर दर दोन-तीन दिवसांनी.

एअर फिल्टर दर टाकीला झटका आणि रोज संध्याकाळी कोमट पाणी-साबणाने धुवा. पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. त्यासाठी दोन फिल्टर ठेवा, आलटून पालटून. कॉम्प्रेसरची हवा बाहेरून आत मारली तर धूळ जाळीत आणखी रुतते; मारायचीच तर आतून बाहेर, दुरून. धुतलेल्या फिल्टरमागे कार्बोरेटरच्या तोंडाशी बोट फिरवा. बोटाला बारीक धूळ लागली तर फिल्टर नीट बसत नाही किंवा फाटलाय. हे दुर्लक्षू नका, तीच धूळ पिस्टन घासते.

सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती बहुतेकांना माहीतच नसते. टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं तेल) जास्त टाकणाऱ्यांच्या मशीनमध्ये ती काजळीने पूर्ण बंद होते, जळालेला वायू बाहेर पडत नाही आणि इंजिन स्वतःच्याच उष्णतेत शिजतं. दोन स्क्रू काढा, जाळी तारेच्या ब्रशने घासा. फाटली असेल तर नवी लावा. ‘जाळी काढून टाकली की मशीन पळतं’ असा सल्ला मिळेल. पळतं, हे खरं. पण एप्रिलमध्ये बांधावरच्या वाळल्या गवतावर त्या तोंडातून ठिणगी उडाली तर शेजारच्याची कडब्याची गंजी जायला वेळ लागत नाही.

पेट्रोल: मिश्रण आणि ई२०

मिश्रण पुस्तिकेप्रमाणे. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. बाटलीच्या झाकणाने मापू नका, औषधाची सिरिंज किंवा मापाचा ग्लास घ्या. तेल टू-स्ट्रोकचंच, जासो एफडी (टू-स्ट्रोक तेलाचं जपानी मानक) दर्जाचं असेल तर उत्तम. मोटारसायकलचं २०डब्ल्यू४० पेट्रोलमध्ये टाकणारे आहेत. त्यातली राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते. आणि ‘थोडं जास्त टाकलं तर इंजिन सुखी’ हेही बरोबर नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं घटतं, म्हणजे इंजिन उलट कोरडं चालतं, शिवाय काजळी.

पंपावर आता ई२० मिळतं, वीस टक्के इथेनॉल. बऱ्याच करवतींच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. फरक का पडतो? साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५ पट. जेट तोच, हवा तीच, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतं आणि इंजिन जास्त गरम चालतं. थंड सकाळी हे कळत नाही, भर उन्हात पूर्ण भारावर कळतं. जुन्या मशीनची रबरी नळी आणि कार्बोरेटरचा पडदा इथेनॉलने फुगतो, ताठर होतो, मग चिरतो. नळी दर हंगामाला बोटाने वाकवून पाहा, चीर दिसली की बदला.

इथेनॉल पाणी ओढतं. दिवाळीत उरलेलं मिश्रण एप्रिलमध्ये वापरायचा मोह टाळा. पारदर्शक बाटलीत ओतून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते मशीनसाठी कायमचं बाद. टाकीतला फिल्टर तळाशी असतो, तो नेमका तोच पाणी-इथेनॉलचा थर ओढतो आणि त्यात टू-टी ऑइल जवळपास नसतंच. पिस्टन चिकटायला तेवढं पुरतं. मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतंच करा, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, सावलीत. कोल्ड्रिंकच्या बाटलीत नको, उन्हाने फुगते आणि कुणी पाणी समजून तोंडाला लावतं.

टाकीचा व्हेंट. पेट्रोल जसं कमी होतं तशी हवा टाकीत यायला हवी. तो बारीक झडपेचा तुकडा धुळीने बुजला की टाकीत पोकळी तयार होते, दहा-पंधरा मिनिटांनी पेट्रोल येणं थांबतं, प्लग कोरडा. थांबल्यावर हवा हळूहळू शिरते, मशीन पुन्हा चालू. लक्षण अगदी गरम झाल्यासारखंच, म्हणून फसगत होते. तपासायचं असेल तर सकाळच्या गारव्यात, अर्ध्यापेक्षा कमी पेट्रोल ठेवून. मशीन बंद पडलं की झाकणावर कापड धरून अगदी हळू, चेहरा बाजूला ठेवून सैल करा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच मशीन चालू झालं तर व्हेंट बदला, स्वस्त भाग आहे.

भर दुपारी, तापलेल्या मशीनवर ही परीक्षा करू नका. उन्हात टाकीत उलट दाब साठलेला असतो, पेट्रोल आत उकळत असतं. झाकण उघडताच कारंजं अंगावर येतं आणि शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. इंधन भरायच्या आधी किमान दहा मिनिटं सावलीत थांबा, भरल्यावर दहा पावलं दूर जाऊन चालू करा. बिडी-सिगारेट दूर, हे सांगायला नको.

कार्बोरेटरमध्येच पेट्रोलची वाफ होणं हाही उन्हाळी प्रकार. जोरदार काप संपला की लगेच स्विच बंद केला तर पंखा थांबतो आणि सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरकडे चढते. बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट स्लोवर चालू द्या. गरम मशीन पुन्हा चालू करताना चोक ओढू नका. ओढलात आणि ओव्हरफ्लो झालं, तर प्लग काढा, स्विच बंद ठेवून, मशीन उलटं धरून सहा-सात वेळा दोरी ओढा, प्लग पुसून लावा, चोकशिवाय पूर्ण रेस धरून चालू करा. चेन ब्रेक लावलेला, मशीन जमिनीवर, मागच्या मुठीत बुटाचं टोक. इंजिन पेटताच रेस सोडा. हवेत लटकवून दोरी मारायची पद्धत मांडीवर बेतते.

ठिणगी

गरम झाल्यावर ठिणगी जाते आणि गार झाल्यावर येते, असं टेस्टरवर दिसलं तर बहुतेक कॉइल. पण विकत घेण्याआधी स्विचची वायर तपासा. ती सिलिंडरजवळून जाते, तिचं आवरण घासून-वितळून बॉडीला टेकतं आणि गरम झाल्यावर शॉर्ट होतं. वायर कॉइलपासून काढून पाहिली आणि ठिणगी परत आली तर दोष वायरचा. वायर काढलेली असताना स्विचने मशीन बंद होत नाही, चोक ओढून बंद करावं लागतं; त्या अवस्थेत काप घेऊ नका.

कॉइल आणि मॅग्नेटमधली फट साधारण ०.३ मिमी, जाड व्हिजिटिंग कार्ड मधे सरकवून स्क्रू आवळा. प्लगची फट बहुतेक मशीनला ०.५ मिमी, पुस्तिकेत वेगळी असेल तर ती. प्लग म्हणजे शंभरेक रुपयांसाठी वाचवत बसायचा भाग नव्हे, संशय आला की पुस्तिकेतल्याच नंबरचा नवा लावा. टोक फिकट तपकिरी हवं. पांढरं, खडूसारखं दिसलं तर इंजिन कोरडं आणि अति गरम चाललंय. मग पुढचा भाग लागू.

बाहेरची हवा आणि मग कार्बोरेटर

रेस सोडल्यावर आवाज लगेच खाली न येता वर रेंगाळतो, किंवा मशीन आडवं-उभं केलं की स्लोचा वेग बदलतो, तर कुठून तरी जादा हवा शिरतेय. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट, त्याची पट्टी, क्रँकचे दोन्ही सील. बूट वाकवून चीर बघता येते. सीलसाठी मात्र दुकानातली दाबाची चाचणी हवी: तोंडं बंद करून अर्धा बार (हे दाबाचं एकक) दाबापर्यंत हवा भरायची, साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे बघायचे. गरम मशीनवर पेट्रोल फवारून गळती शोधणारे मेकॅनिक भेटले तर मशीन उचलून दुसरीकडे जा. हवा शिरत असताना एच स्क्रू (पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवणारा) उघडून ती झाकणं म्हणजे पिस्टनची किंमत पुढे ढकलणं.

हे सगळं ठीक निघालं तरच स्क्रू. टाकीतला फिल्टर आधी नवा, कार्बोरेटरची बारीक जाळी साफ, पडदा ताठ झाला असेल तर किट बदला. एल स्लोसाठी, एच पूर्ण रेससाठी, एलए किंवा टी नुसता स्लोचा वेग ठरवणारा. एच डावीकडे फिरवला की पेट्रोल वाढतं. धारदार चेन, स्वच्छ फिल्टर, पूर्ण गरम इंजिन असतानाच लावा. बिनभाराची पूर्ण रेस दोन-तीन सेकंदांच्या वर धरू नका. योग्य लावलेलं मशीन मोकळ्या रेसला थोडं भरभर, फडफडत चालतं आणि लाकडात घुसताच आवाज साफ होतो. मोकळ्या रेसलाच आवाज चिरका आणि साफ असेल तर एच लगेच फेरीचा आठवा भाग उघडा. टॅकोमीटर (फेरे मोजणारं मीटर) मिळाला तर पुस्तिकेतल्या कमाल फेऱ्यांच्या थोडं खाली थांबा. ई२० वर उन्हाळ्यात बहुतेकदा एच थोडा उघडावा लागतोच. स्लोवर चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर वेग कमी करा, तरी फिरली तर क्लचच्या स्प्रिंगा सैल. संगणकीय कार्बोरेटरच्या मशीनला हे स्क्रू नसतात, तिथे पान्याने काही शोधू नका.

पिस्टन बघायची वेळ

सायलेन्सर दोन-तीन स्क्रूंवर असतो. काढा, दोरी हळू ओढून पिस्टन त्या खिडकीसमोर आणा, टॉर्च मारा. चांगल्या पिस्टनची बाजू मऊ राखाडी दिसते, त्यावर यंत्राने काढलेल्या बारीक आडव्या रेघा अजून ओळखू येतात. उभे, चमकणारे ओरखडे, रिंग खाचेत चिकटलेली, अॅल्युमिनियम पसरल्यासारखं, हे दिसलं तर काम तिथेच थांबवा. ओरखडे एकट्या सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिन कोरडं किंवा तेलाविना चाललंय: मिश्रण, हवेची गळती, बुजलेले पंख. कार्बोरेटरच्या बाजूला मळकट झीज असेल तर फिल्टरमधून धूळ गेलीय. कॉम्प्रेशन गेजवर १२० पीएसआयच्या खाली आकडा असेल तर गरम झाल्यावर मशीन चालू न होणं ओघानेच आलं; १५० च्या पुढे असेल तर इंजिन निरोगी.

नवा ब्लॉक-पिस्टन टाकण्याआधी जुना कशाने गेला ते शोधून काढा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. सील आणि बूट त्याच वेळी बदला, इंजिन उघडलेलंच असतं. बसवल्यावर पहिल्या चार-पाच टाक्या बिनभाराची पूर्ण रेस नको, एच जरा उघडा ठेवा, आडवं मऊ लाकूड कापा, सुबाभूळ चालेल. त्यानंतर सिलिंडरचे आणि सायलेन्सरचे स्क्रू थंड मशीनवर पुन्हा आवळा आणि एच नव्याने लावा, कारण रिंग बसली की फेरे चढतात.